जुने चित्र शेजारी ठेवा

शिक्षकाला विद्यार्थी करून बसवणे ही मोठी अवघड गोष्ट आहे. आमच्या शाळेत वर्षातून एकदा-दोनदा तरी शिक्षकांचे प्रशिक्षण असते. एरवी 'मागच्या बाकावरचे, उभे राहा!' म्हणून गर्जणारी आमची मंडळी त्या दिवशी धावत जाऊन मागचेच बाक पकडतात. कुणी वर्तमानपत्रातले कोडे सोडवतो, कुणी शेजाऱ्याशी कांद्याच्या भावाची चर्चा करतो. चित्रकलेच्या मास्तरांनी, म्हणजे अस्मादिकांनी, तर आपल्या दुसऱ्या कादंबरीची तीन प्रकरणे अशा प्रशिक्षणांत लिहून काढली आहेत. ती प्रकरणे वाचकांना विशेष आवडली नाहीत, हा भाग निराळा.

तेव्हा डॉक्टरांनाही अशी शाळा असते हे कळल्यावर मला मनातून जरा बरेच वाटले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी जिल्ह्याच्या गावी क्ष-किरणांची डॉक्टर आहे. शाळेत असताना तिचे चित्र कधी धड आले नाही, पण चूक कुठे आहे ते ती बरोबर दाखवायची. दुसऱ्याच्या चित्रातली तर फारच तत्परतेने! यंदाच्या आषाढात तिचा फोन आला. ''सर, तुमचं अक्षर हवंय. येत्या रविवारी आमची सी.एम.ई. आहे. डॉक्टरांची शाळा समजा. प्रमाणपत्रांवर नावं घालायचीत. संगणकावर केली की एखाद्याचं आडनाव हमखास चुकतं आणि मग ते वर्षभर रुसतात.''

''किती नावं?''

''एकसष्ट.''

''विषय कोणता आहे शाळेचा?''

''स्तनांच्या प्रतिमा कशा वाचायच्या, आणि कर्करोगाची चाळणी कशी लावायची.''

तिने तो शब्द 'हात' किंवा 'गुडघा' म्हणावे तितक्या सहजपणे उच्चारला. मी मात्र उगाचच फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला, आणि स्वयंपाकघरात आवाज गेला नाही ना, म्हणून मागे वळून पाहिले.

खरे सांगायचे तर माझ्या नावावर चार कादंबऱ्या आहेत. त्यांत चांदणे आहे, नदीकाठ आहे, पदर ढळण्याचे प्रसंगही दोन-तीन आहेत. परंतु हा शब्द मी कधी लिहिलेला नाही. 'उर' लिहिला, 'वक्ष' लिहिला, आणि फारच अडले तेव्हा 'छाती' लिहून वेळ मारून नेली. कादंबरीचे त्यावाचून काही अडले नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या आजारपणात हाच शब्द आमच्या घरात अडीच वर्षे कुणी उच्चारला नाही. 'तिला ते झालंय' एवढेच आम्ही म्हणत असू. ऐकणाराही मान खाली घालून 'अरेरे' म्हणे. 'ते' म्हणजे काय आणि कुठे, हे न विचारण्याइतके सगळेच सभ्य होते.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी बोरू, शाईच्या बाटल्या आणि टीपकागद घेऊन निघालो. सभागृहाच्या दाराशी उपमा आणि चहा होता. डॉक्टर मंडळी आत शिरली आणि पाहतो तो काय, आमच्याइतक्याच चपळाईने मागच्या रांगा भरल्या! माझी विद्यार्थिनी हसून म्हणाली, ''सर, पाच वर्षांत तीस गुण मिळवावे लागतात, तरच वैद्यक परिषद नोंदणीचं नूतनीकरण करते. काही जण शिकायला येतात, काही गुणांना येतात. पण एकदा दिवे मालवले की सगळे सारखेच घाबरतात, बघा तुम्ही.''

माझे टेबल सगळ्यात मागे, एका लहानशा दिव्याखाली मांडले होते. मी पहिले नाव लिहायला घेतले आणि सभागृहातले दिवे मालवले गेले.

शिकवायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, सुती साडी, आवाज शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकेचा. त्यांनी पडद्यावर पहिले चित्र लावले. स्तनांचे क्ष-किरण चित्र म्हणजे मॅमोग्राम. दोन्ही बाजूंची चित्रे पाठीला पाठ लावून मांडलेली, मधे एक उभी रेघ. मला एकदम पाचवीचा वर्ग आठवला. कागद मधोमध दुमडून, एका बाजूला रंगाचा ठिपका टाकून मुले जे फुलपाखरू करतात, तेच हे. लाजण्यासारखे त्यात काही दिसेना. दोन पिंपळपाने समोरासमोर ठेवावीत तशी ती करडी पांढरी जाळी होती.

''आधी उजवं-डावं ताडून बघा,'' बाई म्हणाल्या. ''शरीर दोन्ही बाजूंना थोडंफार सारखं असतं. जिथं सारखं नाही, तिथं थांबा.''

मग त्यांनी काळ्या-पांढऱ्याचा हिशेब सांगितला. चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. वय वाढले की बहुधा पांढरे कमी होत जाते आणि काळ्यावर पांढरी गाठ उठून दिसते. तरुण बाईत मात्र सगळेच पांढरे असू शकते. ''दुधाच्या पातेल्यात तांदळाचा दाणा पडलाय, तो शोधायचाय,'' बाई म्हणाल्या. म्हणून तिथे नुसत्या या चित्रावर विसंबून भागत नाही, सोनोग्राफीची मदत घ्यावी लागते. आपल्याकडे तर पुष्कळ बायकांना हा रोग चाळिशीतच गाठतो.

मधूनच त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. १९१३ साली बर्लिनमध्ये आल्बर्ट सॉलोमन नावाच्या शल्यविशारदाने, शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या सुमारे ३००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली आणि ती प्रत्यक्ष रोगाशी ताडून पाहिली. या विद्येची सुरुवात तिथून झाली. त्याच्या चित्रांत काही गाठींमध्ये बारीक बारीक ठिपके उमटलेले होते. कॅल्शियमचे, म्हणजे चुन्याच्या जातीचे कण. ते त्याला दिसले, पण त्यांचा अर्थ त्याला लागला नाही. पुढे १९४९ च्या सुमारास उरुग्वे देशात राऊल लेबोर्न यांनी त्या कणांकडे जगाचे लक्ष वेधले. मधे साडेतीन दशके गेली. ठिपके तेच होते आणि चित्रेही डोळ्यांसमोरच होती.

माझा बोरू थांबला होता. ठिपके म्हटले की मला अक्का आठवते. एकवीस ठिपक्यांची रांगोळी घालून ती उंबऱ्यात उभी राही आणि तिथूनच सांगे, ''बाळू, तिसऱ्या ओळीत एक ठिपका राहिलाय.'' मी चित्रकलेचा मास्तर झालो तो कुठल्या कलाशाळेच्या जोरावर नव्हे. मॅट्रिक झाल्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली ती नोकरीपुरती. डोळा दिला तो अक्काने.

तेवढ्यात बाईंनी परीक्षा सुरू केली. पडद्यावर चित्र, तीस सेकंद वेळ, आणि प्रत्येकाने कागदावर लिहायचे, कुठे काय दिसते. सभागृह चिडीचूप झाले. विद्यार्थिनी म्हणाली होती ते खरे होते. एरवी ज्यांच्या दाराशी आपण तासन् तास बसतो, ती माणसे पेन्सिल चावत होती. मलाही राहवले नाही. एका चित्रात उजव्या बाजूला चांगली बोराएवढी पांढरीफेक गाठ होती, कडेने फुललेली. मी टीपकागदावर ऐटीत लिहिले, 'उजवीकडे, वरच्या बाजूला.'

बाई म्हणाल्या, ''उजवीकडचं कुणी कुणी लिहिलं?'' निम्मे हात वर झाले. माझा हात आपोआप वर जात होता तो मी आवरला.

''ही मक्याची लाही आहे,'' बाई शांतपणे म्हणाल्या. एक साधी, निरुपद्रवी गाठ म्हातारी होते, तिच्यात चुना साठतो आणि ती लाहीसारखी फुललेली दिसते. तिने कुणाचे काही बिघडत नाही. ''आता डावीकडे बघा.'' त्यांनी चित्र मोठे केले. डावीकडे, अगदी आतल्या बाजूला, पिठीसाखरेत चुकून राहिलेल्या रव्यासारखे पाच-सात कण एका ठिकाणी गोळा झाले होते. एकही दुसऱ्यासारखा नाही. ''आजार इथं आहे. तुम्हांला उजवीकडे काहीतरी सापडलं, तुमचं समाधान झालं, आणि तुम्ही शोधणं थांबवलंत.''

आणि त्या घावावर मीठ चोळावे तशी त्यांनी २०१३ सालची एक गंमत सांगितली. अमेरिकेत २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांची चित्रे देऊन त्यांतल्या बारीक गाठी शोधायला सांगितले. शेवटच्या चित्रांत एका कोपऱ्यात चक्क गोरिलाचे चित्र घुसडून ठेवले होते, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० जणांना तो दिसलाच नाही. डोळे कुठे फिरतात याची नोंद यंत्राने ठेवली होती. न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्या गोरिलावरून गेली होती.

सगळे हसले. मीही हसलो. पण हसता हसता काहीतरी टोचले आणि काय टोचले ते कळेना.

जेवणानंतर एका तरुण डॉक्टरने उठून विचारले, ''मॅडम, आमच्या खेड्यात मॅमोग्रामचं यंत्र कुठून आणायचं? आणि चाळणी लावली की बायका घाबरतात. पुन्हा बोलावलं की त्यांना वाटतं, झालंच.'' प्रश्न रास्त होता. बाई म्हणाल्या, इंग्लंडात १९८८ पासून ही तपासणी सरकारी खर्चाने चालते. पन्नाशीच्या सुमारास सुरू करून सत्तरीपर्यंत, दर तीन वर्षांनी. तपासलेल्या १०० बायकांपैकी साधारण चौघींना पुन्हा बोलावतात, आणि त्या चौघींत एकीला रोग निघतो. ''तेव्हा पुन्हा बोलावणं म्हणजे शिक्षा नव्हे, हे आधीच सांगून ठेवा. आणि दुसरी बाजूही लपवू नका. चाळणीत कधीकधी असाही रोग सापडतो, जो त्या बाईला आयुष्यात कधी त्रास देणारच नव्हता. विनाकारण उपचार होतात. चाळणी लावायची ती हे सगळं ठाऊक ठेवून.'' तिकडे प्रत्येक चित्र दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे असा शिरस्ता आहे. वाचणाऱ्याने वर्षाला किमान ५००० चित्रे पाहिलीच पाहिजेत. शिवाय ठरावीक चित्रांचा संच सर्वांना वाचायला देऊन, कुणाचे काय सुटले ते ज्याचे त्याला कळवतात. परीक्षा संपतच नाही!

''आणि यंत्राचं म्हणाल, तर बोटं आहेत,'' बाई म्हणाल्या, आणि त्यांनी जे सांगितले त्याने मी लेखणी पार खाली ठेवली. १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, स्त्रियांची हाताने तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. उरलेल्या वस्त्यांत रोगाची माहिती दिली आणि पुढे लक्ष ठेवले. वीस वर्षांनी हिशेब मांडला, तो २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या पायरीला सापडला. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या बायका तिकडे शंभरात ४७, इकडे ३७. सगळ्या वयांचे मृत्यू एकत्र धरले तर फरक छातीठोकपणे सांगण्याइतका नव्हता. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा लाभ दिसला नाही.

''दहावी पास बायकांची बोटं,'' बाई म्हणाल्या. ''शिकवलेली बोटं.'' २०१६ साली केंद्र सरकारनेही तिशीपासून पासष्टीपर्यंतच्या स्त्रियांची अशी हाताने तपासणी दर पाच वर्षांनी करावी असे ठरवले. ती आपल्या आरोग्यसेविकांनी करायची आहे. ''त्यांना शिकवायचं कुणी? तुम्ही. म्हणून आज इथं बसलात.''

मी मॅट्रिक. साहित्य संमेलनांतून पदव्यांची माळ लावलेल्या नावांशेजारी माझे नाव नेहमी उघडेबोडके छापले जाते आणि त्याची खंत मी उगाच बाळगीत आलो. त्या क्षणी मात्र त्या अनोळखी मॅट्रिक बायांचा मला असा अभिमान वाटला, की जणू त्या आमच्याच शाळेतून गेल्या असाव्यात.

शेवटच्या तासाला बाईंनी एक चित्र लावले. गाठ अगदी स्पष्ट, माझ्यासारख्यालाही दिसावी अशी. मग म्हणाल्या, ''याच बाईचं दोन वर्षांपूर्वीचं चित्र.'' ते शेजारी लावले. त्यात काही दिसेना. बाईंनी बोट ठेवले. जिथे आज गाठ होती, तिथे तेव्हा जाळीचा एक धागा किंचित ओढल्यासारखा झाला होता. सुती साडीचा एक धागा खिळ्यात अडकून ओढला जावा, तितकाच.

''या जुन्या चित्राखाली 'काही दोष नाही' असं लिहिलेलं आहे. सही कुणाची ते सांगते. माझी.''

सभागृहात कुणी हालले नाही.

''आता ठाऊक आहे म्हणून दिसतंय. तेव्हा दिसायलाच हवं होतं का? कदाचित नाही. तरी मी हे चित्र प्रत्येक शाळेत घेऊन जाते. आजार एका चित्रात क्वचित दिसतो. तो दोन चित्रांमधल्या फरकात दिसतो. म्हणून एकच सांगते. समोरचं चित्र कितीही स्पष्ट वाटो, जुनं चित्र शेजारी ठेवा.''

दिवे लागले. मी उरलेली नावे कशीबशी लिहिली. एका डॉक्टरांच्या आडनावातली वेलांटी चुकली आणि ते रुसले असतील. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो आणि सकाळी हसता हसता काय टोचले होते ते मला कळले.

भाऊबीजेला ओवाळून झाले की अक्काला समोर बसवून तिचे चित्र काढायचे, हा माझा १९९८ पासूनचा रिवाज होता. पदविकेच्या पहिल्या वर्षी नवी वही घेतली, तिच्या पहिल्या पानावर अक्का. पुढे दर वर्षी एक. ती हातात निरांजनाचे ताट धरून बसायची. ''लवकर आटप रे, करंज्या तळायच्यात,'' म्हणायची, आणि तरी तासभर हालायची नाही. एकोणीस वर्षे, एकोणीस चित्रे.

२०१७ च्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला, आईला दवाखान्यात नेलंय. गाठ डाव्या बाजूला होती आणि रोग तिसऱ्या पायरीवर पोचला होता. अक्काला ती लागली होती त्याच्याही दीड-दोन वर्षे आधी. मी तिच्या खाटेशी बसून रागाने म्हणालो, ''अक्का, का नाही सांगितलंस?''

''दुखत नव्हतं रे. दुखलं असतं तर सांगितलं असतं.''

वाचकहो, या वाक्यापाशी क्षणभर थांबा. आपल्या सगळ्यांची अशीच समजूत असते की, दुखत नाही म्हणजे काही नाही. आणि ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दातदुखी माणसाला रात्री उठवून बसवते. हा रोग मात्र पाहुण्यासारखा पाय न वाजवता येतो.

''मला तरी सांगायचंस!'' मी म्हणालो.

अक्का हसली. ''तुला? तू तर दिवाळीत तासभर माझ्याकडेच बघत होतास की.''

ती २०१९ च्या मार्गशीर्षात गेली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तेव्हापासून त्या वह्या मी ट्रंकेतून काढल्या नव्हत्या.

आषाढातल्या त्या रविवारी रात्री घरी आलो, हातपाय धुतले, आणि जेवायच्या आधी ट्रंक उघडली. बायको काही बोलली नाही. दिवा जवळ आणून ठेवला. मी चित्रे ओळीने जमिनीवर मांडली. २०१३ ची अक्का पदर कमरेला खोचून बसली आहे, दोन्ही हातांत ताट, दोन्ही कोपरे पातेल्याच्या कानांसारखी बाहेर. २०१४ ची तशीच. २०१५ च्या चित्रात डावे कोपर अंगाशी आले आहे. अगदी थोडे, बोटभर. आणि २०१६? ताट एकट्या उजव्या हातात आहे. डावा हात पदराखाली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतलेला, आणि खाली माझ्याच अक्षरात लिहिले आहे, 'पदराची रचना छान साधली.'

कितीतरी वेळ मी ते वाक्य वाचत राहिलो.

मुलांना मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो, 'जे ठाऊक आहे ते काढू नका, जे दिसते ते काढा.' माझ्या हाताने ते पाळले होते. पेन्सिलीने पाहिले, लिहून ठेवले, तारीख घातली. पाहिले नाही ते मी. अक्का नेहमीसारखीच आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी नेहमीचीच अक्का पाहिली. त्या वीस तज्ज्ञांची नजर गोरिलावरून गेली, तशी माझी तासभर तिच्यावरून गेली.

बाईंनी सांगितलेली सावधगिरीही मी विसरलेलो नाही. कदाचित आता ठाऊक आहे म्हणूनच मला ते कोपर दिसत असेल. त्या दिवशी तिला थंडी वाजत असेल, ताट तापले असेल. एखाद्या चित्रावरून रोग ओळखायला मी काही डॉक्टर नव्हे. पण 'अक्का, हात का गं लपवलास?' एवढे विचारायला डॉक्टर असावे लागत नव्हते. भाऊ असणे पुरले असते.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. तिचे वय आता तेहतीस. ज्या बाईच्या आईला किंवा बहिणीला हा रोग झाला, तिला तो होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, हे मी आदल्या दिवशी ऐकले होते. दुप्पट म्हणजे होणारच असे नव्हे. पण विसरून चालेल असेही नव्हे. काय बोलायचे ते मी कागदावर लिहून घेतले होते. पंचवीस वर्षे मुलांना शिकवणारा, चार कादंबऱ्यांत पात्रांना बोलते करणारा माणूस मी! तरी तो एक शब्द वाचताना घसा कोरडा पडला. मी तो उच्चारला. नुसता नाही, पूर्ण वाक्यात उच्चारला. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

फोनवर पलीकडेही क्षणभर शांतता पसरली. मग भाची म्हणाली, ''मामा, मी गेल्याच वर्षी जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. काही नाही निघालं. दर वर्षी यायला सांगितलंय. आईला पंचेचाळिशीत झालं ना, म्हणून मला पस्तिसाव्या वर्षापासून मॅमोग्राम सुरू करायचाय.''

मला हायसे वाटले आणि रागही आला. ''अगं, मग मला सांगितलं का नाहीस?''

''तुम्हांला अवघडल्यासारखं होईल असं वाटलं.'' जरा थांबून ती म्हणाली, ''आई पण तेच म्हणायची. बाळूला नका सांगू एवढ्यात, तो लाजेल.''

म्हणजे इतकी वर्षे मी समजत होतो की अक्का लाजली. ती लाजली नव्हती. तिने माझी लाज सांभाळली होती.

बायकोशी त्याच रात्री बोललो. ती पंचेचाळिशीला आली आहे. ''बरं झालं बाई, एकदाचा विषय काढलात,'' म्हणाली, आणि तिने सांगितले की शेजारच्या दोघींनी आरोग्यसेविकेकडून तपासून घेतले, हिचेच राहिले होते. गणपतीच्या आधी मी तिला घेऊन गेलो. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखेच दोन-तीन नवरे छताकडे पाहत बसले होते. मी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. आधी कांद्याच्या भावावर, मग मूळ विषयावर. एकजण चक्क सरकून जवळ बसला. बायकोची तपासणी ठीक झाली. पुढची तारीख मी दिनदर्शिकेवर, गॅसच्या नोंदीशेजारी, ठळक अक्षरात घातली आहे. अक्षर माझे चांगले आहेच.

यंदा दिवाळीला भाची येते आहे, भाऊबीज आटोपून, दुसऱ्या दिवशी. मी नवी वही आणली आहे. तिला समोर बसवून चित्र काढीन. जुन्या वह्याही शेजारी ठेवीन, कारण तिची हनुवटी अक्काची आहे आणि ती नीट यायला हवी. पण पेन्सिल उचलण्याआधी विचारीन, ''कशी आहेस?''

ती म्हणेल, ''बरी आहे, मामा.''

मग मी तिच्याकडे नीट पाहीन, आणि पुन्हा एकदा विचारीन.